मेंदूच्या नकाशाला कोणता प्रश्न विचारावा?

संकेत-विश्लेषण हा माझ्या अध्यापनाचा विषय असल्यामुळे परिचितांपैकी अनेकजण आपापले ‘ब्रेन मॅपिंग’चे, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युतलहरींच्या काढलेल्या रंगीत नकाशांचे, अहवाल माझ्याकडे पाठवत असतात. बहुतेक अहवालांचे रूप सारखेच असते: वरून पाहिलेल्या डोक्याची लहान लहान वर्तुळे, त्यांत लाल, पिवळे, हिरवे, निळे पट्टे, आणि शेवटच्या पानावर ‘चिंतेकडे कल’, ‘एकाग्रतेत उणीव’, ‘नैराश्याशी सुसंगत’ अशी वाक्ये. हे खरे मानायचे का, एवढेच पाठवणाऱ्याला बहुधा जाणून घ्यायचे असते. मी मनोविकारतज्ज्ञ नाही, त्यामुळे कोणाला काय झाले आहे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ही चित्रे कशी तयार होतात हे मला ठाऊक आहे. ती घडण पाहिली की असे वाटू लागते की नकाशा खरा की खोटा हा वाद फारसा फलदायी नाही, त्याला आपण कोणता प्रश्न विचारतो यावर बरेच काही अवलंबून आहे.

डोक्याच्या त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडला एकट्यादुकट्या चेतापेशीची हालचाल कळत नाही. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे सर्वांत वरच्या थरात, शेजारीशेजारी, एकाच दिशेने उभ्या असलेल्या असंख्य पेशींना जेव्हा एकाच वेळी संदेश पोहोचतात, तेव्हा त्यांच्या सूक्ष्म विद्युतदाबांची बेरीज होते आणि ती बेरीज कवटी ओलांडून बाहेर जाणवते. बाह्यकाचा काही चौरस सेंटिमीटरचा पट्टा एका तालात काम करत असेल तरच ती नोंदण्याइतकी मोठी होते. तरीही तिचे मोजमाप साधारणपणे १० ते १०० मायक्रोव्होल्ट इतकेच भरते. हृदयाच्या आलेखातील संकेत याच्या दहा ते शंभर पट मोठा असतो. त्यातच कवटीमुळे हा संकेत पसरट होतो, आणि भावनांशी ज्यांचा निकटचा संबंध मानला जातो त्या अमिग्डालासारख्या खोलवरच्या भागांचा माग बाहेरून फारच अस्पष्ट लागतो. म्हणजे नकाशावर दिसणारा रंग हा मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या मोठ्या समूहांच्या सामूहिक तालाचा रंग असतो. तो एखाद्या विचाराचा किंवा भावनेचा रंग नसतो.

हा ताल माणसात प्रथम नोंदवणारे हान्स बर्गर हे जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १९२४ साली पहिली नोंद घेतली, पाच वर्षे ती पुन्हा पुन्हा तपासली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागात सेकंदाला सुमारे दहा वेळा येणारी, आणि डोळे उघडताच विरणारी लहर त्यांनी अल्फा म्हणून वर्णिली. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी ती पडताळून दाखवली, तेव्हा कुठे जगाचा विश्वास बसला. मनोव्यापारांचा भौतिक आधार सापडावा ही बर्गर यांची आस होती. प्रत्यक्षात मात्र या शोधाचा पहिला ठोस लाभ अपस्माराच्या रुग्णांना झाला: लहान मुलांच्या एका प्रकारच्या झटक्यांत सेकंदाला तीन वेळा येणारी टोकदार लहर १९३५ मध्येच ओळखली गेली आणि आजही ती निदानाचा भक्कम आधार आहे. मनोविकारतज्ज्ञाने लावलेला शोध मनोविकारांच्याच दारी शंभर वर्षे ताटकळत राहिला, हे मला या विषयातील सर्वांत बोलके वास्तव वाटते.

साध्या ईईजीपासून, म्हणजे मेंदूलहरींच्या आलेखापासून, नकाशापर्यंतचा प्रवास गणिताचा आहे. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या ‘दहा-वीस’ पद्धतीने सहसा १९ ठिकाणी इलेक्ट्रोड लावतात, काही मिनिटे डोळे मिटून आणि काही मिनिटे उघडे ठेवून नोंद घेतात, आणि मग संगणक त्या नागमोडी रेघेचे वेगवेगळ्या गतींच्या लहरींत विभाजन करतो. चार हर्ट्झच्या (सेकंदाला चार आवर्तनांच्या) खालची डेल्टा, चार ते आठची थीटा, आठ ते तेराची अल्फा, तेरा ते तीसची बीटा आणि त्यापलीकडची गॅमा, असे ढोबळ पट्टे आहेत. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक पट्ट्याची शक्ती किती हे काढून ती त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या साठवलेल्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. सत्तरच्या दशकात ई. रॉय जॉन यांनी ही तुलनेची पद्धत पुढे आणली आणि १९७९ मध्ये फ्रँक डफी यांनी तिला रंगीत चित्राचे रूप दिले. आज हातात येणाऱ्या अहवालातला लाल म्हणजे ‘सरासरीपेक्षा बराच जास्त’ आणि निळा म्हणजे ‘बराच कमी’. लाल म्हणजे आजार असा अर्थ त्या गणितात कुठेही नसतो. तो आपण पाहताक्षणी लावतो, कारण लाल रंगाला घाबरण्याची सवय आपल्याला आधीपासून आहे.

या तुलनेतील एक साधा हिशेब अहवालात कधीच छापलेला नसतो, म्हणून तो येथे करून दाखवतो. ‘बराच जास्त’ किंवा ‘बराच कमी’ ही मर्यादा सहसा सरासरीपासून दोन प्रमाणित विचलनांवर (मोजमापे सरासरीभोवती किती विखुरतात याच्या मापाच्या दुपटीवर) आखतात, आणि कोणत्याही एका मोजमापात निरोगी लोकांपैकी जवळजवळ पाच टक्के लोक या मर्यादेबाहेर असतातच. आता १९ इलेक्ट्रोड आणि पाच पट्टे धरले तर ९५ मोजमापे झाली. दोन-दोन जागांमधील सुसंगती मोजायची म्हटली, तर १९ जागांच्या १७१ जोड्या होतात आणि पाच पट्ट्यांसाठी ८५५ मोजमापे. अशी एकूण साडेनऊशे मोजमापे केली, तर पूर्णपणे निरोगी माणसाच्या नकाशावरही सरासरी चाळीसहून अधिक ठिकाणी रंग उमटणार, आणि तेही कोणाची काही चूक नसताना. शेजारच्या जागांची मोजमापे परस्परांशी निगडित असल्यामुळे हे रंग विखुरलेले न राहता गुच्छाने येतात, आणि गुच्छ दिसला की डोळ्याला त्यात अर्थ दिसू लागतो. मग ज्याला झोप लागत नाही त्याच्या नकाशात निद्रानाशाला साजेसा एखादा गुच्छ सापडतो, ज्याचे लक्ष लागत नाही त्याच्या नकाशात अवधानाचा सापडतो. व्यक्तीची तक्रार आधी ठाऊक असेल तर हे हमखास घडते, म्हणून अहवाल लिहिणाऱ्याला तक्रार ठाऊक होती की नाही हे मी आवर्जून विचारतो.

दुसरी अडचण अधिक स्थूल आहे. जबडा आवळून बसलेल्या माणसाच्या कानशिलाचे स्नायू नेमक्या बीटा पट्ट्यात भर घालतात, आणि ‘बीटा वाढलेली आहे, म्हणजे मन तणावाखाली आहे’ असा निष्कर्ष निघतो; तपासणीच्या खुर्चीत जबडा आवळला जाणे यात विशेष ते काय? पापण्यांची हालचाल कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडांवर संथ लहरींसारखी दिसते. तपासणीच्या वेळी डुलकी येऊ लागली की अल्फा विरते आणि थीटा वाढते, जे कागदावर अवधानाच्या उणिवेसारखे वाचले जाऊ शकते. बेन्झोडायझेपिन गटातील झोपेची व चिंतेची औषधे बीटा लहरी वाढवतात. म्हणजे चिंता कमी करण्यासाठी घेतलेली गोळीच नकाशावर चिंतेच्या खुणेसारखी उमटू शकते. अनुभवी तंत्रज्ञ मूळ नोंद डोळ्यांखालून घालून असे भाग वगळतो, पण हे काम वेळखाऊ आणि कंटाळवाणे आहे. ते संगणकावर पूर्णपणे सोपवले गेले असेल, तर पुढच्या सगळ्या सुबक चित्रांचा पाया भुसभुशीत राहतो. अमेरिकेतील चेताविकारतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्येच या पद्धतीचा आढावा घेऊन मनोविकारांच्या नेहमीच्या निदानासाठी तिची शिफारस करता येत नाही असे म्हटले होते, त्यामागे ही कारणेही होती.

‘मला कोणता आजार आहे?’ हा प्रश्न नकाशाला विचारला की काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, अर्थात एडीएचडी. या मुलांमध्ये थीटा आणि बीटा यांचे गुणोत्तर वाढलेले असते असे सुरुवातीच्या अनेक अभ्यासांत दिसले होते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने त्यावर आधारलेल्या एका उपकरणाला ६ ते १७ वर्षे वयासाठी परवानगी दिली, मात्र तीही डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणून. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात असे आढळले की वर्षे सरतील तसा दोन्ही गटांतला हा फरक आटत गेला आहे. पुढे २०१६ मध्ये वर उल्लेखिलेल्या अकादमीने, नेहमीच्या तपासणीच्या जागी हे गुणोत्तर वापरू नये, कारण त्यातून बऱ्याच मुलांचे चुकीचे निदान होऊ शकते, असा स्पष्ट सल्ला दिला. हे अपयश मला अनपेक्षित वाटत नाही. नैराश्य, चिंता, एडीएचडी ही नावे लक्षणांच्या समूहांना दिलेली आहेत. एकाच नावाखाली अनेक वेगवेगळ्या जैविक वाटा असू शकतात आणि एकच वाट अनेक नावांकडे जाऊ शकते. लहरींनी आपल्या नावांचा आराखडा पाळावा अशी अपेक्षाच मुळात अवाजवी आहे.

दुसरा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे: ‘या व्यक्तीला कोणता उपचार लागू पडण्याची शक्यता अधिक?’ त्याची निकड समजण्यासाठी नैराश्याच्या उपचाराची सध्याची रीत पाहावी. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात, पहिल्या औषधाने लक्षणे जवळजवळ पूर्णपणे ओसरलेल्यांचे प्रमाण साधारण एक-तृतीयांश होते. औषधाचा परिणाम कळायला कित्येक आठवडे जातात. नाही जमले तर दुसरे औषध आणि पुन्हा तितकीच प्रतीक्षा. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणे जड जाते त्याच्याकडून आपण हा संयम मागतो. पहिल्याच फेरीत निवड थोडी जरी अचूक झाली तरी वाचणारे आठवडे सामान्य नसतात.

या दृष्टीने ‘आयस्पॉट-डी’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासातील एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात नैराश्याचे १००८ रुग्ण आणि तुलनेसाठी निरोगी व्यक्ती यांच्या मेंदूलहरी उपचारापूर्वी नोंदवल्या होत्या. कपाळामागच्या डाव्या आणि उजव्या भागांतील अल्फा लहरींमधला असमतोल ही नैराश्याची खूण आहे, असे अनेक दशके सांगितले जात होते, आणि आजही कित्येक अहवालांत तसे छापलेले असते. या अभ्यासात रुग्ण आणि निरोगी यांच्यात या असमतोलाबाबत फरकच आढळला नाही. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, ज्या स्त्रियांमध्ये उजवीकडे अल्फा तुलनेने अधिक होती त्यांना एस्सिटालोप्रॅम आणि सर्ट्रालिन ही औषधे अधिक लागू पडली. व्हेन्लाफॅक्सिनच्या बाबतीत असा संबंध दिसला नाही आणि पुरुषांतही दिसला नाही. जी खूण ‘आजार आहे का’ याबाबत मुकी राहिली, तीच ‘कोणते औषध’ याबाबत, निदान काहींच्या बाबतीत, बोलू लागली. असा निष्कर्ष इतर गटांत पुन्हा पुन्हा पडताळला गेल्याशिवाय त्यावर उपचार ठरवता येत नाहीत हे खरे, पण दिशा लक्षात यावी.

२०२० मध्ये एका संशोधक गटाने याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले. सर्ट्रालिन आणि औषधविरहित गोळी यांची तुलना करणाऱ्या चाचणीतील रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या ईईजीवर त्यांनी संगणकीय प्रारूप घडवले. विशिष्ट प्रकारच्या लहरी असलेल्यांना सर्ट्रालिनचा लाभ होतो का, हे त्या प्रारूपाने बऱ्याच अंशी आधी सांगितले. येथे औषधविरहित गोळीचा गट असणे कळीचे आहे. नुसते ‘कोण बरे होईल’ हे सांगता येणे आणि ‘या औषधामुळे कोण बरे होईल’ हे सांगता येणे यांत मोठे अंतर आहे, कारण काही माणसे काहीही दिले तरी किंवा काहीच न देताही सुधारतात.

मग आजच हे वापरायला काय हरकत आहे? २०१९ मध्ये ॲलिक विज आणि सहकाऱ्यांनी नैराश्यातील अशा ईईजी-खुणांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात या खुणांची संवेदनशीलता (लागू पडणाऱ्यांना बरोबर ओळखण्याचे प्रमाण) सरासरी ७२ टक्के आणि विशिष्टता (लागू न पडणाऱ्यांना बरोबर ओळखण्याचे प्रमाण) ६८ टक्के आली. हे आकडे ऐकायला बरे वाटतात, पण त्यांचा अर्थ कागदावर मांडून पाहावा. समजा शंभर रुग्णांपैकी चाळीस जणांना एखादे औषध लागू पडणार आहे. चाचणी त्या चाळिसांपैकी सुमारे २९ जणांना बरोबर ओळखेल, आणि उरलेल्या साठांपैकी सुमारे १९ जणांनाही चुकून ‘लागू पडेल’ असे सांगेल. म्हणजे ‘लागू पडेल’ असा कौल मिळालेल्या ४८ जणांपैकी २९, म्हणजे साठ टक्के, खरोखर सुधारतील. ज्यांना ‘लागू पडणार नाही’ असे सांगितले त्या ५२ जणांतलेही अकरा सुधारले असते. चाळीस टक्क्यांची शक्यता साठवर जाणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. तरीही पाचातल्या एकाला उपयोगी पडणारे औषध केवळ नकाशाच्या भरवशावर नाकारले जाणे मला मान्य होण्यासारखे नाही. शिवाय छोट्या अभ्यासांतले अनुकूल निष्कर्षच अधिक छापले जातात, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून कमी असण्याची शक्यता त्या लेखकांनीच नोंदवली आहे आणि ही पद्धत दैनंदिन वापरासाठी तयार नाही असे म्हटले आहे.

खऱ्या अर्थाने एका व्यक्तीच्या लहरींनुसार उपचार घडलेले उदाहरण पाहायचे असेल तर कवटीच्या आत जावे लागते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये, कोणत्याही उपचाराला दाद न देणाऱ्या नैराश्याच्या एका रुग्णाबाबत हे केले. आधी काही दिवस मेंदूच्या अनेक भागांत इलेक्ट्रोड ठेवून, लक्षणे वाढतात तेव्हा कोणती लहर बदलते हे शोधले गेले. या रुग्णात ती अमिग्डालामधील गॅमा लहर निघाली. कोणत्या जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला की बरे वाटते हेही त्याच व्यक्तीत शोधले गेले. मग मेंदूत कायमस्वरूपी बसवलेले उपकरण ती लहर ओळखताच त्या जागी क्षणभर उद्दीपन देऊ लागले आणि रुग्णाची लक्षणे झपाट्याने ओसरली. ही शस्त्रक्रिया आहे, रुग्ण एकच होता, आणि एवढ्यावरून सर्वांसाठी काही सिद्ध होत नाही. पण या रचनेत मला जे मोलाचे वाटते ते असे की तुलना अनोळखी लोकांच्या सरासरीशी नव्हती. ती त्याच व्यक्तीच्या चांगल्या आणि वाईट तासांची एकमेकांशी होती.

बाहेरून घेतलेल्या ईईजीलाही हेच तत्त्व लावता येईल असे मला वाटते. माणसामाणसांतला फरक इतका मोठा असतो की काहींची अल्फा लहर आयुष्यभर ठळक असते, काहींची जेमतेम दिसते, आणि दोघेही निरोगी असतात. उलट एकाच प्रौढ व्यक्तीची अल्फाची गती वर्षानुवर्षे बरीचशी स्थिर राहते. म्हणून आज घेतलेल्या एका नकाशापेक्षा, उपचारापूर्वी आणि उपचार सुरू झाल्यावर, दिवसाच्या त्याच वेळी, तशाच परिस्थितीत घेतलेल्या दोन-तीन नोंदींमधला बदल अधिक सांगू शकेल. असे अभ्यास चालू आहेत, पण अहवाल विकणाऱ्यांना एकदाच घेतलेले आणि ठाम बोलणारे चित्र अधिक सोयीचे पडते, ही या क्षेत्राची मोठी खंत आहे.

नकाशाच्या जोडीने बहुतेकदा न्यूरोफीडबॅकची सत्रेही सुचवली जातात, त्याबद्दल थोडक्यात. स्वतःच्या लहरी पडद्यावर पाहून त्या बदलायला शिकणे ही कल्पना आकर्षक आहे आणि साठच्या दशकापासून तिच्यावर काम झाले आहे. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७ ते १० वर्षांच्या एडीएचडी असलेल्या सुमारे दीडशे मुलांवरील चाचणीत खरे प्रशिक्षण आणि तसेच भासणारे खोटे प्रशिक्षण अशी दुहेरी गुप्तता पाळून, म्हणजे कोणाला कोणते मिळते हे मुलांना आणि तपासणाऱ्यांनाही कळू न देता, तुलना झाली, तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारले. लक्ष देणारी व्यक्ती, नियमित वेळ आणि आशा यांचाच तो परिणाम असावा. तो नगण्य नसतो, पण त्यासाठी डोक्याला तारा लावण्याची गरज नाही.

ईईजी मनोविकारांत निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. अचानक वागणे बदलले, भ्रम झाले, शुद्ध कमी-जास्त होऊ लागली, तर त्यामागे अपस्माराचा न दिसणारा झटका किंवा मेंदूची सूज आहे का हे पाहण्यासाठी साधा ईईजी अतिशय मोलाचा ठरतो, आणि तेथे डॉक्टरांनी सांगितल्यावर तो टाळू नये.

ज्यांना तरीही नकाशा काढून घ्यायचा आहे त्यांनी आधी एवढे विचारावे, की तपासणीपूर्वी औषधे, झोप आणि कॉफी यांची नोंद घेतली जाते का, मूळ रेघा कोणी माणूस डोळ्यांनी तपासतो का, आणि अहवालावरून उपचारात नेमका कोणता निर्णय बदलणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे वाचवावेत. नकाशा काहीही म्हणो, चालू औषध त्याच्या आधारे स्वतःहून बंद करू नये. आणि जीव नकोसा झाला असेल तर कोणत्याही चाचणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तपासणी झालीच, तर रंगीत पानांबरोबर मूळ नोंदीची संगणकीय फाइलही मागून घ्यावी. चित्रांवरून रेघा परत मिळवता येत नाहीत. फाइल असेल तर दुसरा तज्ज्ञ ती पुन्हा तपासू शकतो आणि पुढे घेतलेल्या नोंदीशी तिची तुलनाही करता येते.